धूळ पकडणारा कवडसा

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार आठवा. दारं-खिडक्या लोटलेल्या, आजी जरा आडवी झालेली, आणि तुम्हाला काही केल्या झोप येत नाही. अशा वेळी दाराच्या फटीतून नाहीतर कौलांच्या चिरेतून उन्हाची एक तिरीप खोलीत उतरते. त्या कवडशात काय दिसतं? शेकडो बारीक कण! कुणी वर चाललाय, कुणी खाली येतोय, कुणी उगाच गिरक्या घेतोय. मध्ये हात फिरवला की सगळे सैरावैरा पळतात.

थोड्या वेळानं कवडसा सरकतो आणि कण नाहीसे होतात. खरंच नाहीसे होतात का हो? मुळीच नाही. धूळ खोलीभर असतेच. तुमच्या नाकासमोरसुद्धा असते. पण ती दिसते फक्त उजेडाच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात, कारण प्रत्येक कण आपल्यावर पडलेला उजेड इकडेतिकडे उधळतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत येतो.

गोष्ट आहे एवढीशी. पण याच गोष्टीनं संगणकाच्या चिप बनवणाऱ्यांचं एक मोठं कोडं सोडवलं. आणि तिच्याच आधारानं शास्त्रज्ञ आज धुळीच्या एकेका कणावर किती वीज बसली आहे, ते मोजतात. फरक इतकाच, की त्यांचा कवडसा उन्हाचा नसतो, लेसरचा असतो.

पांढऱ्या डगल्यांतली माणसं

आपण जाऊ या १९८०च्या दशकाच्या अखेरीला. संगणकाची चिप बनते सिलिकॉनच्या गोल, चकचकीत चकतीवर. त्या काळी चिपवरच्या रेषा साधारण एक मायक्रॉन रुंदीच्या असत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. आता कल्पना करा, एवढ्या नाजूक नक्षीवर धुळीचा एक कण पडला तर? आपल्या गल्लीत डोंगर येऊन पडावा तसं होईल! ती चिप थेट कचऱ्यात.

म्हणून या कारखान्यांत स्वच्छतेचा नुसता सोहळा असतो. हवा गाळून आत सोडायची. कामगारांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला चढवायचा, केस झाकायचे, हातमोजे घालायचे. कारण माणूस म्हणजे धुळीचं चालतंबोलतं पोतं. आपल्या केसांतून, कातडीतून, कपड्यांतून सारखे कण झडत असतात.

एवढं सगळं केलं, तरी चकत्यांवर कण सापडतच होते. हे कण येत होते तरी कुठून?

ट्यूबलाइटमधली वीज

उत्तराकडे जाण्याआधी एक ओळख करून घेऊ. स्थायू, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचल्या आहेत. चौथी आहे प्लाझ्मा. मराठीत तिला ‘आयनद्रायू’ असंही म्हणतात.

वायूला खूप तापवलं किंवा त्यातून वीज सोडली, की त्याच्या काही अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून मोकळे होतात. इलेक्ट्रॉनवर ऋण विद्युतभार असतो. तो निघून गेला की मागं उरलेल्या अणूवर धन विद्युतभार येतो. अशा अणूला म्हणतात आयन. मोकळे इलेक्ट्रॉन, आयन आणि उरलेले साधे अणू यांची सरमिसळ म्हणजे प्लाझ्मा. आभाळातली वीज म्हणजे प्लाझ्मा. सूर्य म्हणजे प्लाझ्माचा अवाढव्य गोळा. आणि तुमच्या घरातली जुनी ट्यूबलाइट पेटते, तेव्हा तिच्या आतही प्लाझ्माच असतो. ‘प्लाझ्मा’ हे नाव दिलं अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी, १९२८ साली.

चिपच्या कारखान्यात प्लाझ्मा छिन्नीचं काम करतो. एका बंद पेटीतली हवा काढून घेतात, त्यात अगदी विरळ वायू सोडतात आणि वीज चालू करतात. तयार झालेला प्लाझ्मा सिलिकॉन नेमका हवा तिथं कोरत जातो.

काखेत कळसा

गॅरी सेल्विन नावाचे शास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीत काम करत होते. चकती कोरली जात असताना प्लाझ्मामध्ये कोणते वायू किती आहेत, एवढंच त्यांना मोजायचं होतं. नेहमीचंच काम. त्यासाठी त्यांनी पेटीत लेसरचा झोत सोडला.

आणि झोतात उजळून निघाले धुळीचे ढग!

चकतीच्या जरासे वर, अधांतरी, धुळीचे कण तरंगत होते. ना खाली पडत होते, ना दूर जात होते. आणि वीज बंद केल्यावर? प्लाझ्मा विझला आणि कण खाली, त्या महागड्या चकतीवर!

आता आलं ना लक्षात? सगळे धूळ शोधत होते माणसांच्या केसांत आणि कपड्यांत. ती तयार होत होती यंत्राच्या पोटात. चकती कोरताना सुटलेले अणू आणि वायूतले रेणू एकत्र येऊन, कंदिलाची काजळी धरावी तसे त्यांचे कण बनत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा! सेल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम १९८९ साली प्रसिद्ध केलं.

रोग कळला की औषध शोधता येतं. इंजिनिअरांनी पेटीची रचना बदलून पाहिली. इलेक्ट्रोडला खाचा पाडल्या, तर धूळ अडकण्याच्या जागाही बदलतात असं दिसलं. मग धुळीला चकतीपासून लांब न्यायचं, वायूच्या प्रवाहाबरोबर बाहेर काढायचं आणि त्यानंतरच वीज बंद करायची, अशा युक्त्या निघाल्या.

पण शास्त्रज्ञांच्या मनात दुसराच प्रश्न घोळत होता. धूळ तरंगते कशी?

एसटी लागली रे लागली...

गावाकडच्या एसटी स्टँडवर गाडी लागली, की काय होतं? चपळ पोरं धावत जाऊन आधी चढतात. जडशीळ ट्रंका घेतलेले काका मागून येतात. प्लाझ्मामध्येही असंच घडतं.

इलेक्ट्रॉन फार हलका असतो. या प्रयोगांत पुष्कळदा आरगॉन नावाचा वायू वापरतात. आरगॉनचा एक आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३ हजार पट जड असतो. साहजिकच इलेक्ट्रॉन चपळ आणि आयन संथ. धुळीचा कण प्लाझ्मात शिरला, की त्याच्यावर इलेक्ट्रॉन आधी येऊन आदळतात आणि चिकटतात. बघता बघता कणावर ऋण विद्युतभार साचतो.

मग सगळे इलेक्ट्रॉन कणावरच जाऊन बसतात का? नाही. सारखे विद्युतभार एकमेकांना ढकलतात. कणावर पुरेशी गर्दी झाली की नव्या इलेक्ट्रॉनांना ढकलून लावलं जातं, आणि धन आयन मात्र ओढले जातात. शेवटी दोघांची आवक सारखी होते. तेव्हा कणावरचा भार जवळपास स्थिर राहतो. सात-आठ मायक्रॉनच्या कणावर असे सुमारे दहा हजार जास्तीचे इलेक्ट्रॉन असतात.

पेटीच्या तळाशी असलेली धातूची तबकडीसुद्धा प्लाझ्माच्या तुलनेत ऋण असते. ती ऋण कणाला वर ढकलते. पृथ्वी त्याला खाली ओढते. ज्या उंचीवर दोन्ही जोर सारखे होतात, तिथं कण थांबतो. ना दोरी, ना खुंटी! अशा धूळ मिसळलेल्या प्लाझ्माला म्हणतात ‘धुळकट प्लाझ्मा’.

उजेडाचा पडदा

आता तुम्ही विचाराल, ही धूळ बघायला लेसरच कशाला? साधा टॉर्च का चालत नाही?

छान प्रश्न! पहिलं कारण म्हणजे टॉर्चचा उजेड पसरत जातो. लेसरचा झोत सुतासारखा सरळ आणि बारीक राहतो. तो दंडगोलाच्या आकाराच्या भिंगातून नेला, की एकाच दिशेला फाकतो आणि उजेडाचा पातळ पडदा तयार होतो. हा पडदा धुळीच्या ढगातून आडवा नेला की एकच थर उजळतो. वरचे आणि खालचे थर अंधारातच राहतात. पावाच्या लादीतली एकच चकती कापून बघावी, तसं.

दुसरं कारण आणखी गमतीचं आहे. प्लाझ्मा स्वतःच चमकत असतो. त्या चमकेत धूळ दिसायची कशी? पण लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो. म्हणून कॅमेऱ्यापुढं अशी काच लावतात, जी फक्त तोच रंग आत सोडते. प्लाझ्माची चमक बाहेर राहते, आणि काळ्या पार्श्वभूमीवर धुळीचा एकेक कण चांदणीसारखा उठून दिसतो.

प्रयोगासाठी शास्त्रज्ञ केरसुणीनं गोळा केलेली धूळ घेत नाहीत बरं का! ते मेलामाइन जातीच्या प्लॅस्टिकचे अगदी एकसारखे, गोल मणी वापरतात. हो, घरातल्या न फुटणाऱ्या ताटल्या ज्याच्या असतात, त्याच जातीचं प्लॅस्टिक. आठ मायक्रॉनच्या अशा जवळजवळ अडीच अब्ज मण्यांचं वजन एक ग्रॅम भरेल. तरीही अणूच्या मानानं हे मणी फारच जड, आणि म्हणून आळशी. ते इतके सावकाश हलतात, की व्हिडिओ कॅमेऱ्यानं त्यांचा पाठलाग करता येतो.

राणीभोवती सहा सोंगट्या

कॅरमचा डाव मांडताना काय करता? मधोमध राणी, तिच्याभोवती सहा सोंगट्या, त्यांच्याभोवती आणखी बारा. हाच नमुना १९९४ साली धुळीनं मांडून दाखवला!

जर्मनीतल्या गार्चिंग इथं ह्युबर्टस थॉमस, ग्रेगोर मॉरफिल आणि त्यांचे सहकारी लेसरच्या पडद्यात तरंगणारे कण बघत होते. कणांनी एकमेकांपासून सारखी अंतरं धरली होती आणि प्रत्येकाभोवती सहा शेजारी होते. त्याच वर्षी तैवान आणि जपानमधल्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे अशाच रचना पाहिल्या. इकेझी या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच गणित करून सांगितलं होतं, की प्लाझ्मातली धूळ अशी रांगेत बसू शकेल.

मीठ, साखर, हिरा यांच्या स्फटिकांत अणू असेच ठराविक नमुन्यात बसलेले असतात. पण ते आपल्याला डोळ्यांनी दिसत नाहीत. धुळीच्या स्फटिकात मात्र दोन कणांमधलं अंतर मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं असतं. भिंग लावलेल्या कॅमेऱ्यात एकेक कण स्वच्छ दिसतो. स्फटिक वितळतो कसा, कोणता कण आधी जागा सोडतो, हे चक्क सिनेमासारखं बघता येतं. याला नाव मिळालं ‘प्लाझ्मा स्फटिक’.

उजेडाचा धक्का

आता खरी करामत. लेसर धूळ नुसती दाखवत नाही, तो तिला ढकलूही शकतो!

उजेड पडला की वस्तूला अगदी इवलासा रेटा बसतो. तुमच्या तोंडावर टॉर्च मारला तर तो जाणवणार नाही. पण हे मणी इतके हलके आणि अधांतरी असतात, की जोरदार लेसरचा झोत त्यांना जागेवरून हलवतो. आणि एखादी वस्तू ढकलून ती कशी हलते हे बघितलं, की तिच्याबद्दल बरंच काही कळतं. आई कलिंगड घेताना टिचकी मारून बघते ना, तसंच!

तरंगणाऱ्या कणाला जरा डिवचलं, तर तो झोपाळ्यासारखा वरखाली झुलतो. त्याच्यावरचा विद्युतभार जास्त असेल तर विजेची पकड घट्ट, आणि झोके भराभर. भार कमी असेल तर झोके संथ. मण्याचं वजन माहीत असतं. उंचीप्रमाणे विजेचा जोर कसा बदलतो, तेही काढता येतं. मग सेकंदाला किती झोके पडले हे मोजून विद्युतभाराचा हिशेब मांडता येतो.

दुसरी रीत लाटांची. जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लेसरचा झोत चालू-बंद करत स्फटिकाच्या कडेच्या कणांना धक्के दिले. पहिल्या रांगेनं दुसरीला ढकललं, दुसरीनं तिसरीला, आणि लाट निघाली. कण एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. धक्का पोचवतो तो त्यांच्यावरचा विद्युतभार. म्हणून लाट किती वेगानं गेली, यावरून भार काढता येतो. ही लाट सेकंदाला जेमतेम काही सेंटीमीटर जाते. मुंगीसुद्धा तिच्याबरोबर चालू शकेल!

तुमचे ताई-दादा अकरावी-बारावीत असतील, तर त्यांना मिलिकन यांच्या प्रयोगाबद्दल विचारा. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाचे सूक्ष्म थेंब विजेच्या जोरावर अधांतरी धरले, त्यांच्यावर उजेड टाकून ते भिंगातून पाहिले आणि त्यावरून एका इलेक्ट्रॉनचा भार मोजला. १९२३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. धुळकट प्लाझ्माचा प्रयोग त्याचाच धाकटा भाऊ म्हणायला हवा.

लाटांच्या या गोष्टीत भारतीयांचाही वाटा आहे. प्लाझ्मातली धूळ आवाजासारख्या लाटा निर्माण करील, असं १९९० साली गणितानं दाखवून दिलं एन. एन. राव, पद्मकांत शुक्ल आणि त्यांचे सहकारी यू यांनी. राव आणि शुक्ल दोघेही भारतीय. पुढं अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात तशा लाटा दिसल्या आणि १९९५ साली ते काम प्रसिद्ध झालं. वेग सेकंदाला सुमारे ९ सेंटीमीटर! हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, हे लक्षात घ्या. आपल्याकडे गुजरातेत गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही धुळकट प्लाझ्मावर प्रयोग झाले आहेत.

थेट शनीपर्यंत

ही धूळ फक्त पेटीत असते असं समजू नका. व्हॉयेजर १ हे यान १९८० साली शनीजवळून गेलं. त्याच्या छायाचित्रांत शनीच्या कड्यांवर सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारखे पट्टे दिसले. ते तयार होत होते आणि विरत होते. विद्युतभार बसलेली बारीक धूळ कड्यांपासून वर उचलली जाऊन हे आरे बनत असावेत, असं शास्त्रज्ञ मानतात. पेटीत चकतीवर तरंगणारी धूळ आणि शनीच्या कड्यांवरची धूळ एकाच कुळातली!

पृथ्वीवर एक अडचण येते. गुरुत्वाकर्षणामुळं कण खाली ओढले जातात आणि स्फटिक चपटा होतो. मग २००१ साली प्रयोगाची पेटी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच नेली. सर्गेई क्रिकालेव्ह आणि युरी गिद्झेन्को या रशियन अंतराळवीरांनी तिथं पहिले प्रयोग केले. धुळीचे ढग तिन्ही दिशांना पसरलेले बघता आले. पण त्या पेटीतही कण दिसत होते ते लेसरच्या पडद्यामुळंच.

करून बघा

आता तुमची पाळी. पुठ्ठ्याच्या तुकड्याला एक लांबट, अरुंद चीर पाडा. रात्री खोलीत अंधार करा आणि टॉर्चपुढं तो पुठ्ठा धरा. जवळच एखादी उशी हलकेच थोपटा. उजेडाच्या पट्ट्यात कण दिसतील. आता पट्ट्याकडं वेगवेगळ्या बाजूंनी बघा. टॉर्च तुमच्या पाठीमागं असताना कण ठळक दिसतात, की टॉर्च समोर पण जरा बाजूला असताना? वहीत लिहून ठेवा. कारण तुमचं तुम्हीच शोधा. एक खूण सांगतो. कण उजेड सगळीकडं सारखाच उधळत नाही. पुढच्या दिशेला तो जास्त उधळतो.

आणि आई-बाबांनीही ऐकावं असं एक: जत्रेत, दुकानात मिळणारा लेसरचा दिवा या प्रयोगाला घ्यायचा नाही. लेसरकडं थेट बघायचं नाही, कुणाच्या डोळ्यांवर तो मारायचा नाही, आरशावर तर नाहीच. त्यानं डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञसुद्धा त्यासाठी खास चष्मा लावतात. सूर्याकडंही थेट बघू नका.

सेल्विन धूळ शोधायला गेलेच नव्हते. ते वायू मोजत होते. पण भलतंच काही चमकलं, तेव्हा ‘असेल काहीतरी’ म्हणून त्यांनी मान फिरवली नाही. पुढच्या वेळी दुपारी कवडसा घरात येईल, तेव्हा तुम्हीही जरा थांबून बघा. त्यात नाचणाऱ्या कणांना विचारायचे प्रश्न अजून संपलेले नाहीत.